विसरभोळ्या यंत्रांच्या मैफली

इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री शहराचं जुनं कॅथीड्रल १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात जळून गेलं. उरलेल्या भिंतींना लागूनच नवं कॅथीड्रल उभं राहिलं, ते १९६२ साली खुलं झालं, आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये त्या नव्या इमारतीत वाजवायला आले ते तीन जर्मनच: एडगर फ्रोझे, क्रिस्टोफर फ्रांके आणि पेटर बाउमान. पश्चिम बर्लिनच्या ‘टॅंजरिन ड्रीम’ या समूहाचा तो कार्यक्रम टोनी पामर यांनी चित्रित केला. पुढे ती फिल्म लोकांसमोर आली तेव्हा तिच्यात दृश्यं कॉव्हेंट्रीची होती, संगीत मात्र त्याच वर्षअखेरीस निघालेल्या ‘रिकोशे’ या ध्वनिमुद्रिकेतून घेतलेलं होतं. पडद्यावर बटण फिरतं एका सुरासाठी आणि कानावर पडतो भलताच सूर. त्यात ‘रिकोशे’ स्वतःला लाइव्ह अल्बम म्हणवत असली, तरी तीही एका बैठकीचं सरळ मुद्रण नाहीच. दौऱ्यातल्या टेप कापून, जोडून आणि त्यांत स्टुडिओतली भर घालून ती तयार झाली. म्हणजे एका कार्यक्रमाच्या चित्राला दुसरीकडची ध्वनिफीत, आणि ती ध्वनिफीतही सांधलेली. इलेक्ट्रॉनिक संगीतातला ‘लाइव्ह’ हा शिक्का मुळातच फसवा आहे, असं कुणी यावरून म्हटलं तर त्याला दोष देता येणार नाही. तरीही माझं म्हणणं उलटं आहे. सत्तरच्या दशकातल्या अ‍ॅनलॉग सिंथेसायझरच्या संगीतात लाइव्ह अल्बम ही स्टुडिओतल्या कामाची पुरवणी नव्हती, तोच त्या संगीताचा मूळ घाट होता. याचं कारण वादकांच्या हौसेत शोधू नये. ते त्यांच्या यंत्रांच्या एका उणिवेत सापडतं: त्या यंत्रांना काहीच आठवत नसे.

ही उणीव नेमकी समजून घ्यायला हवी. रॉबर्ट मूग यांनी १९६४ पासून न्यूयॉर्क राज्यात जी मॉड्यूलर यंत्रं घडवायला घेतली, त्यांत ध्वनी निर्माण करणारे ऑसिलेटर, तो गाळणारे फिल्टर आणि त्याला उठाव-उतार देणारे भाग वेगवेगळ्या पट्ट्यांवर बसवलेले असत. ते एकमेकांशी जोडायचे तारांनी, आणि ही तारांची जुळणी म्हणजेच त्या क्षणाचं वाद्य. तारा काढल्या की वाद्य मोडलं. कुठला खटका कुठे होता, कुठलं बटण किती फिरवलेलं होतं, हे यंत्रात कुठेही साठवलं जात नसे. स्वराची उंची विजेच्या दाबावर ठरे: एका व्होल्टला एक सप्तक, म्हणजे लगतच्या दोन स्वरांत सुमारे ८३ मिलिव्होल्टचं अंतर. दाबाचं रूपांतर कंपनसंख्येत करणारं सर्किट ट्रान्झिस्टरच्या ज्या गुणावर चालतं, तो गुण तापमानाबरोबर बदलतो. भरपाईची सोय नसेल तर एका अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का फरक पडतो. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटेल, पण पाच सप्तकं चढेपर्यंत तो अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्शाइतका होतो. इतकं बेसूर सामान्य कानालाही टोचतं. भरपाई होती, पण अपुरी. दुपारच्या गार, रिकाम्या सभागृहात लावलेलं यंत्र संध्याकाळी दिव्यांच्या आणि गर्दीच्या उष्म्यात वेगळ्याच सुरावर जाऊन बसे. हवेबरोबर उतरणारा तंबोरा भर मैफलीत पुन्हा जुळवून घेणाऱ्यांना हा त्रास नवा नाही. फरक इतकाच की तंबोऱ्याला चार-पाच तारा असतात आणि इथे बटणंच शेकड्यांनी.

बर्लिनमध्ये हे यंत्र पोचलं ते अशा मंडळींच्या हाती, ज्यांनी ठरलेली चाल वाजवणं आधीच सोडून दिलं होतं. कॉनराड श्निट्सलर आणि हान्स-योआखिम रोडेलिउस यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस चालवलेल्या ‘झोडियाक’ या क्रॉइत्सबर्गमधल्या अड्ड्यावर कुणीही यावं आणि मिळेल त्या वस्तूतून आवाज काढावा, असा मामला होता. स्विस रचनाकार थॉमस केसलर यांच्या स्टुडिओत हीच तरुण पोरं टेप आणि विद्युत्‌यंत्रं हाताळायला शिकली. फ्रोझे यांनी १९६७ साली स्थापलेला टॅंजरिन ड्रीम सुरुवातीला गिटार-ड्रमचा, पण गाण्याच्या चौकटीबाहेरचा समूह होता. क्लाउस शुल्त्से त्यात ड्रम वाजवून १९७० नंतर स्वतंत्र वाटेने गेले. फ्रांके हेही मूळचे ड्रमवादकच. मूगच्या सीक्वेन्सरमधून, म्हणजे स्वरांचं आवर्तन आपोआप वाजवत राहणाऱ्या भागातून, निघणाऱ्या त्या धावत्या खर्जाला पुढे जे ‘बर्लिन स्कूल’ हे नाव मिळालं, त्याच्या मुळाशी ड्रमवाल्यांचे हात असावेत हा मला योगायोग वाटत नाही.

१९७३ च्या अखेरीस व्हर्जिन कंपनीने फ्रोझे, फ्रांके आणि बाउमान या तिघांना ऑक्सफर्डशरमधल्या ‘द मॅनॉर’ स्टुडिओत ‘फेड्रा’ मुद्रित करायला बोलावलं. मूग सुरात आणण्यातच रोजचे तास जात. कामाच्या अकराव्या दिवशी टेपवर जेमतेम सहा मिनिटांचं संगीत होतं, अशी फ्रोझे यांची आठवण आहे. शीर्षकरचनेतला तो प्रसिद्ध खर्ज तर फ्रांके यंत्र लावत असताना टेप चालू होती म्हणून हाती लागला. ऑसिलेटर तापत गेले तसा त्याचा सूर सरकत गेला, आणि हे सरकणं ध्वनिमुद्रिकेत साफ ऐकू येतं. रॉकच्या रीतीने काम करणाऱ्या कुणी तो भाग पुसून पुन्हा वाजवला असता. यांना पुन्हा वाजवणं शक्यच नव्हतं, कारण तो आवाज परत जुळवता आला नसता. ‘फेड्रा’ स्टुडिओत झाली हे खरं, पण तिची घडण मैफलीची आहे. जे घडलं ते एकदाच घडलं. फेब्रुवारी १९७४ मध्ये आलेली ही मुद्रिका फारशा जाहिरातीशिवाय ब्रिटनच्या यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत गेली आणि समूहाला दौऱ्यांची दारं उघडली. माझ्या मते या संगीताच्या इतिहासात खरी सीमा स्टुडिओ आणि रंगमंच यांच्यामध्ये नाहीच. ती आहे स्मृती नसलेल्या यंत्रांचा काळ आणि स्मृती असलेल्या यंत्रांचा काळ यांच्यामध्ये.

असं मांडलं की ‘रिकोशे’वरचा आक्षेप वेगळा दिसू लागतो. मुद्रिका सांधलेली आहे हे निर्विवाद. क्रॉयडनच्या फेअरफील्ड हॉलमधल्या २३ ऑक्टोबर १९७५ च्या कार्यक्रमाचा अंश तिच्यात आहे, पण तो कार्यक्रम म्हणजे ती मुद्रिका नव्हे. आक्षेपकाचा पुढचा सवाल रास्तच आहे: मग रंगमंचाचं श्रेय कशाचं? उत्तर असं की मुद्रिकेत सांधलं गेलेलं साहित्य आधी लिहिलेलं नव्हतं. या समूहाच्या त्या काळातल्या कार्यक्रमांत आदल्या मुद्रिकेतल्या रचना जशाच्या तशा वाजवायची पद्धत नव्हती. ओळखीचा एखादा तुकडा डोकावे, बाकी सारं त्या संध्याकाळचं. याला पुरावा कंपनीने नव्हे, श्रोत्यांनी जपला. सभागृहात लपवून नेलेल्या कॅसेट रेकॉर्डरवर टिपलेले डझनावारी कार्यक्रम २००० नंतरच्या दशकात ‘टॅंजरिन ट्री’ नावाच्या चाहत्यांच्या विनामोबदला उपक्रमाने गोळा केले, साफसूफ केले आणि समूहाच्या संमतीने वाटले. २०१९ मध्ये व्हर्जिनच्या काळातल्या कामाचा जो मोठा संच निघाला, त्यात लंडनमधले १९७४-७५ चे काही कार्यक्रम मूळ टेपवरून आले. हे सगळं एकापाठोपाठ ऐकलं तर एकाच दौऱ्यातल्या दोन रात्रीही एकमेकींच्या नकला नाहीत हे कळतं. ‘रिकोशे’ या ढिगातून निवडून केलेला ग्रंथ आहे. संपादन झालं म्हणून त्याची उत्पत्ती बदलत नाही. पण मुद्रणाचा दस्तऐवज म्हणून त्याच्यावर विसंबू नये, हे आक्षेपकाचं म्हणणं मात्र मान्यच करायला हवं. तसा भरवसा ठेवायचा तर १९७७ च्या अमेरिकी दौऱ्यावरची ‘एन्कोर’ ही दुहेरी मुद्रिका अधिक जवळची. तिच्या चार बाजूंवर चार लांब रचना आहेत, आणि बाउमान लवकरच बाहेर पडल्यामुळे त्या तिघांचा तो निरोपही ठरला.

दुसरा आक्षेप जुना आहे आणि त्या काळातल्या ब्रिटिश समीक्षकांच्या फार आवडीचा. तिघे जण अंधारात, प्रेक्षकांकडे न पाहता, दिव्यांनी लुकलुकणाऱ्या कपाटांसमोर बसलेले. सीक्वेन्सर आपला आपण वाजतोय. मग यात वादन ते कुठलं? इथे मूगचा ९६० क्रमांकाचा सीक्वेन्सर डोळ्यांसमोर आणावा. आठ बटणांच्या तीन ओळी, प्रत्येक बटण एक दाब ठरवणार, आणि यंत्र एकेका खान्यावरून पुढे सरकत तो दाब ऑसिलेटरकडे पाठवणार. बटणाला स्वरांचे ठरलेले थांबे नाहीत. षड्ज कुठे आणि पंचम कुठे हे कानानेच शोधायचं, तेही एक आवर्तन सभागृहात गर्जत असताना दुसरं हेडफोनवर हळूच लावून घेत. मग चालत्या आवर्तनातलं एक बटण किंचित फिरवायचं, एक खाना गाळायचा, खालून कीबोर्डने सगळा पाया सरकवायचा, फिल्टर उघडत न्यायचा. पाच-सात मिनिटांत आठ स्वरांचा तोच घोळका ओळखू येईनासा होतो. मान्य, यात बोटांची चपळाई नाही. पण पुढच्या दोन मिनिटांत कोणतं बटण छेडायचं आणि कोणतं नाही हा निर्णय क्षणाक्षणाला, सर्वांसमोर घ्यायचा असतो, आणि चुकलेला निर्णय मागे घेता येत नाही. ज्यांना वादन म्हणजे दिसणारी मेहनत वाटते त्यांची निराशा होणार. कान उघडे ठेवणाऱ्याची होण्याचं कारण नाही. असे श्रोतेही कमी नव्हते: १३ डिसेंबर १९७४ रोजी फ्रान्समधल्या रॅंस कॅथीड्रलमध्ये या समूहाच्या कार्यक्रमाला क्षमतेच्या कितीतरी पट लोक लोटले, आवाराची घाण झाली आणि चर्चच्या अधिकाऱ्यांची झोप उडाली.

मग यंत्रांना स्मृती आली. १९७८ मधल्या ‘प्रॉफेट-५’ या सिंथेसायझरमध्ये मायक्रोप्रोसेसर होता. तयार केलेला आवाज साठवायचा आणि बटण दाबून परत बोलवायचा. १९८३ मध्ये यामाहाचं डीएक्स-७ आलं. त्याचा सूर तापमानावर हलत नव्हता, आणि त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं एका तारेने परस्परांशी बोलू लागतील असा ‘मिडी’ संकेत प्रत्यक्षात आला. वादकांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं यात शंका नाही, आणि त्यांनी आनंदाने ते उतरवलं हेही नोंदवायला हवं. तंत्राची ही वाढ म्हणजे संगीताचा ऱ्हास, असा सूर चाहत्यांच्या लिखाणात फार ऐकू येतो. मला तो पटत नाही. टॅंजरिन ड्रीमने ३१ जानेवारी १९८० रोजी पूर्व बर्लिनच्या ‘पालास्ट डेर रेपुब्लिक’मध्ये योहानेस श्मोलिंग या नव्या सदस्यासह जे वाजवलं, त्याची सुरुवात साध्या पियानोने होते आणि ते उत्तमच आहे. पूर्व जर्मनीच्या सरकारी ‘अमिगा’ कंपनीने ते ‘किशोट’ नावाने काढलं. लंडनच्या डोमिनियन थिएटरमधली १९८२ ची ‘लोगोस’, वॉर्सात डिसेंबर १९८३ मध्ये मुद्रित झालेली ‘पोलंड’ याही लाइव्ह मुद्रिकाच, आणि त्यांतही नवं संगीत आहे. पण ते आधी बांधून आणलेलं नवं संगीत आहे. मांडणी पक्की, विभाग आखलेले, आवाज हुकमी. रंगमंचावर ते सादर होतं, तिथे जन्मत नाही. हा फरक गुणवत्तेचा नसून जातीचा आहे, आणि याच काळात लाइव्ह अल्बम त्या संगीताचं मुख्य रूप न राहता इतरांसारखा दौऱ्याचा स्मृतिलेख होत गेला.

नव्वदच्या दशकात जे घडलं ते या दृष्टीनेच उलगडतं. डीएक्स-७ च्या लाटेत जुनी अ‍ॅनलॉग यंत्रं लोकांनी मातीमोल विकली होती. ती ज्यांनी उचलली त्यांतल्या अनेकांना डिजिटल यंत्रं वर्ज्य नव्हती, उलट पोट त्यांच्यावरच चाले. ‘नोड’ या समूहातले फ्लड आणि एड बुलर हे नामांकित निर्माते. यू-टू, डिपेश मोड, स्वेड अशांच्या मुद्रिकांवर त्यांची नावं आहेत. ‘रेडशिफ्ट’ या समूहाचे मार्क श्रीव्ह तर सामंथा फॉक्सच्या १९८६ मधल्या गाजलेल्या ‘टच मी’ या गाण्याचे एक सहलेखक. चकचकीत पॉप करून झाल्यावर माणूस मूगच्या कपाटाकडे वळतो यात मला जरा मौजही वाटते. नोडने १९९५ मध्ये जुन्या यंत्रांचा ढीग एका खोलीत मांडून एकत्र वाजवलं आणि ते मुद्रित केलं. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवर प्रवाशांच्या वर्दळीतही ते वाजवून आले. ‘रेडिओ मॅसॅकर इंटरनॅशनल’ हे इंग्रज त्रिकूट आयत्या वेळच्या वादनालाच चिकटून राहिलं. या मंडळींच्या कामाच्या याद्या पाहिल्या तर त्यांत लाइव्ह मुद्रिकांचं प्रमाण डोळ्यांत भरतं.

इथे तिसरा आणि सगळ्यात जड आक्षेप येतो. हा निव्वळ स्मरणरंजनाचा बाजार आहे. १९७५ चा आवाज वीस वर्षांनी काढणं म्हणजे नक्कल, आणि आज तो संगणकावरच्या प्रणालीतूनही हुबेहूब निघतो, मग एवढी कपाटं हलवायची कशाला? नकलेचा आरोप मी पूर्णपणे झटकणार नाही. रेडशिफ्टच्या काही भागांत ‘रिकोशे’ची सावली इतकी दाट आहे की नवखा श्रोता गोंधळावा. पण केवळ आवाजच हवा असता तर या लोकांनी तो स्टुडिओत निवांतपणे, थर चढवत केला असता. तेवढं कसब त्यांच्याकडे होतंच. त्यांनी उलट वाट धरली. सर्व जण एका वेळी, कमीत कमी दुरुस्त्या, आणि शक्यतो लोकांसमोर. त्यांनी परत आणला तो आवाजापेक्षा एक निर्बंध, आणि या वेळी तो स्वखुशीचा होता. १९७४ मध्ये फ्रांके यांना पर्याय नव्हता; १९९५ मध्ये बुलर यांना होता, आणि तो त्यांनी नाकारला. ज्या गोष्टीची सक्ती होती तिची निवड झाली की तिचा अर्थ बदलतो, म्हणून ही चळवळ पुनरावृत्तीहून थोडी अधिक आहे. त्याच १९९५ मध्ये जर्मनीत डीटर ड्योप्फर यांनी ए-१०० ही लहान आणि तुलनेने स्वस्त मॉड्यूलर यंत्रणा बाजारात आणली. पुढच्या काळात तारांनी जोडायचं वाद्य जे पुन्हा पसरलं, त्याची सुरुवात तिथे सापडते.

माझ्या या मांडणीला एक उदाहरण मात्र आडवं येतं, आणि ते मुंबईतलं आहे. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही मुद्रिका केली. तिच्यात रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती: ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. तिन्हींना स्मृती होती. ज्युपिटर आवाज लक्षात ठेवी, उरलेली दोन ठेके आणि स्वरावली. म्हणजे माझ्या कसोटीप्रमाणे हे मैफलीचं संगीत ठरू नये. पण ऐकताना ते तसं वाटतं खरं: खाली यंत्राचं ठाम आवर्तन आणि वर हाताने केलेला रागाचा विस्तार. कसोटी थोडी दुरुस्त करायला हवी. टीबी-३०३ ला स्वर आठवतात, पण फिल्टरच्या बटणांची जागा आठवत नाही. ती दर वेळी हातानेच फिरवावी लागतात आणि त्या यंत्राची सारी गंमत त्या फिरवण्यात आहे. तेव्हा प्रश्न यंत्राला स्मृती आहे की नाही एवढाच नाही, तर वादकाने कुठली गोष्ट यंत्राला न देता स्वतःकडे ठेवली, हाही आहे. ही मुद्रिका त्या वेळी जवळजवळ कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर युरोपात त्यांना बोलावणी आली आणि सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने तेच राग तिथल्या रंगमंचांवर वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्याच वर्षी जानेवारीत फ्रोझे गेले, २०२२ मध्ये शुल्त्से आणि श्रीव्ह. या पिढीने स्वरलिपी ठेवली नाही. काहींनी तारांच्या जुळणीचे तक्ते कागदावर काढून ठेवले होते हे खरं. परंतु तक्ता सांगतो तार कुठून कुठे गेली एवढंच. त्या रात्री यंत्र किती तापलं होतं आणि वादकाने ते कानाने किती सावरलं, हे तक्त्यात नसतं. नोडची मंडळी फेब्रुवारी २०१५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये पुन्हा एकत्र वाजवायला बसली, तेव्हा मंचावर तारांनी भरलेली कपाटं आली ती याच हिशेबाने, आणि त्या संध्याकाळची मुद्रिका पुढे निघाली. २०१५ सालीच मूग कंपनीने आपलं ‘सिस्टिम ५५’ जुन्या आराखड्याबरहुकूम नव्याने बांधलं, अवघे ५५ नग, प्रत्येकी ३५,००० डॉलरला. आवाज साठवणारी चिप तोवर चिल्लरीच्या भावात मिळत होती. कंपनीने ती त्यात बसवली नाही.